हरवले-सापडले

हडर्सफील्डच्या बस स्टँडमागे, सात पायऱ्या उतरून,
जिथे हीटर नुसता आवाज करतो,
तिथे मी बसते. सोमवार ते शुक्रवार.
बसमध्ये विसरलेलं सगळं माझ्याकडे येतं.

छत्र्या. अर्थातच छत्र्या.
एकेका हाताचे मोजे. एकच कुबडी –
चालत गेला असेल का तो घरी?
परवा वरच्या दातांची कवळी,
टिशूत गुंडाळलेली, मार्सडेनच्या बसमधून.
मी चिठ्ठीवर लिहिलं : कवळी, वरची, हसरी.

डोरीननं चष्म्यावरून पाहिलं.
तीस वर्षं ती या खिडकीत आहे.
"हसरी हा रंग आहे
की माप?"
आणि लाल पेनानं एक शब्द खोडला.

तोवर मी कविता लिहायचे त्या रविवारी.
खास वेळ काढून, चहा करून, खिडकीशी बसून.
टेकडीवरचं धुकं आणलं, बर्फ आणला,
एकटेपणा तर प्रत्येक ओळीत,
चव न बघता टाकलेल्या मिठासारखा.
एकही उभी राहिली नाही.
सगळ्या सादळलेल्या पापडासारख्या.

इचलकरंजीत बाबा कापड तपासायचे.
मागावरून उतरलेला तागा उजेडावर ओढत,
मीटरमागून मीटर, न बोलता.
विचारलं तर म्हणायचे,
गाठ डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते.
मला वाटायचं, ते कापडाबद्दल बोलतायत.

डोरीनच्या रजिस्टरात रकाने पाच :
वस्तू. रंग. मार्ग. तारीख. खूण.
मनात काय आलं, याला रकाना नाही.
मग मी तेवढ्यातच मावू लागले.
बूट, लहान मुलाचा, डावा. निळा.
चिखल अजून ओला.
डोरीनचं पेन 'अजून'वर आलं,
थांबलं,
आणि टोपणात गेलं.
त्या संध्याकाळी मी बस सोडून चालत घरी गेले.

नोव्हेंबरात एक वही आली.
एकरेघी, सगळी कोरी,
फक्त पहिल्या पानावर, घाईच्या अक्षरात :
वाटाणे
बल्ब, दोन
कीथला सॉरी म्हणणे
पहिल्या दोन ओळींवर काट. तिसरी तशीच.

नव्वद दिवस वस्तू ठेवायची, असा नियम.
नव्वद दिवस मी खिडकीपुढच्या प्रत्येकाला निरखलं :
वाटाणे शिजवून, नव्या बल्बखाली बसून
फोन उचलणारा, परत ठेवणारा
यातला कोण?
एक बाई स्कार्फ शोधत आली. वाटलं, हीच.
एक म्हातारा आला, हीटरच्या आवाजाला फसून,
बराच वेळ बसला, काहीच हरवलं नव्हतं त्याचं.
एका मुलाचं नाव खरंच कीथ निघालं
आणि मी त्याच्याकडे इतकं पाहिलं
की तोच सॉरी म्हणाला.

वही कुणी मागितली नाही.
एक्क्याण्णवाव्या दिवशी डोरीन म्हणाली,
"दानाच्या खोक्यात टाक, नाहीतर तुझी."

तर ती आता माझी. म्हणजे, दुसऱ्या पानापासून.
पहिलं मी फाडलं नाही.
तिथे काट मारणारी मी कोण?
जेवणाच्या सुटीत, सँडविचचे कण झटकत
मी कुबडी लिहिली. डावा बूट लिहिला.
कवळी लिहिली, हसरी न म्हणता.
तरी ती हसलीच, त्याला मी काय करू.

"काय लिहितेस?"
"नोंद."
"बघू."
तिला मराठी येत नाही. तरी तिनं वही ओढून घेतली,
ओळींवरून बोट फिरवलं, सावकाश, शेवटपर्यंत,
मग थोडं मागे आली,
एका शब्दावर दोनदा टकटक केलं
आणि चहा आणायला गेली.

रात्री घरी येऊन
मी तो शब्द खोडला.